आधी काइरानबान वाचा

दर मार्चमध्ये जपानला नव्याने आलेल्या मराठी मैत्रिणींचा एक प्रश्न ठरलेला असतो: "ताई, साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला कुठे जायचं?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. आधी तुमच्या घराजवळचं झाड बघा, आणि इमारतीत दारोदार फिरणारी सूचनांची पाटी, काइरानबान, वाचा. हे ऐकून काहींना वाटतं की मी उत्तर टाळतेय, म्हणून आज सविस्तर लिहिते.

आम्ही अकरा वर्षं निशी-कासाईत राहतो. तोक्योच्या एदोगावा वॉर्डातला हा भाग. २००० सालच्या आसपास आयटीतली भारतीय कुटुंबं इथे येऊ लागली आणि आता कढीपत्त्यासाठीही लांब जावं लागत नाही. सुरुवातीची काही वर्षं आम्हीही यादी हातात घेऊन फिरलो. लेक दीड वर्षाची होती तेव्हा ऐन बहरात एका प्रसिद्ध नदीकाठी गेलो. गर्दीत बाबागाडी पुढे सरकेना, लेक रडून रडून लालबुंद झाली आणि तिला घेऊन बसायला हातभर जागा नव्हती. फोटो सुरेख आले. पण त्या दिवसातलं एक झाड धड आठवत असेल तर शपथ.

काइरानबान म्हणजे कागद लावलेली पुठ्ठ्याची पाटी. आमच्या संकुलातल्या रहिवासी संघाच्या सूचना त्यावर असतात. वाचायचं, आपल्या नावापुढे शिक्का मारायचा आणि पाटी शेजारच्या दाराशी ठेवायची. कांजी, म्हणजे जपानी लिपीतली चिनी अक्षरं, वाचता येत नव्हती म्हणून मी कितीतरी वर्षं नुसता शिक्का मारून ती पुढे ढकलली. लेक दुसरीत असताना तिनेच एकदा वाचून दाखवलं, "आई, रविवारी खालच्या अंगणात मोचीत्सुकी आहे. सगळ्यांनी या म्हणतायत."

मोचीत्सुकी म्हणजे नव्या वर्षासाठी मोची, म्हणजे चिकट तांदळाचे मऊ गोळे, कुटून करण्याचा कार्यक्रम. खाली उतरले तर समोर चक्क उखळ! झाडाच्या जाड बुंध्यातून कोरलेलं उसू, आणि मुसळाच्या जागी लांब दांड्याचा लाकडी हातोडा, किने. रात्रभर भिजवलेला चिकट तांदूळ वाफवून उखळात ओतला, त्याची वाफ तोंडावर आली, आणि मला एकदम आमच्या सिंधुदुर्गातल्या घराच्या पडवीतलं जमिनीत पुरलेलं वायन आठवलं. आजी तिथे कांडायला बसायची.

माझी पाळी आली तशी मी किने उचलून घाव घालणार, तोच संघाच्या आजोबांनी हात आडवा केला. आधी कुटायचं नाही. किने भातावर टेकवून अंगाचा भार द्यायचा आणि उखळाभोवती फिरत भात रगडायचा. शितं एकमेकांना धरली की मग घाव, नाहीतर भात चारी दिशांना उडतो. रगडून झाल्यावर शेजारच्या आजी उखळापाशी वाकून उभ्या राहिल्या. माझ्या दोन घावांच्या मधल्या क्षणात त्या ओल्या हाताने गोळा उलटायच्या. त्यांचा हात उखळात आणि माझ्या डोक्यावर किने! माझे हात थरथरत होते. त्या मात्र शांतपणे "हाइ, ओकासान" म्हणत ताल धरून होत्या. इथे मुलांच्या आईला सगळे ओकासानच म्हणतात, आई. भोवतीचे लोक "योइशो, योइशो" ओरडत होते. दहा-बारा घावांनंतर माझाही ताल बसला. आजी कांडताना ओवी म्हणायची ती कशासाठी, ते मला त्या दिवशी कळलं.

गरम मोची किनाकोत, म्हणजे भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात, घोळवून खाल्ली. (लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर अगदी बारीक तुकडे करा. मोची घशात अडकते, हे गंभीरपणे घ्या.) त्या दिवसापासून संकुलातली माणसं आम्हाला लिफ्टमध्ये थांबून बोलू लागली. इतकी वर्षं आम्ही तिथे नुसते राहत होतो.

तेव्हापासून आमचं वर्षच बदललं. साकुराला आता शिनकावाच्या काठी जातो. घरापासून चालत पंचवीसेक मिनिटं. सुमारे चारशे वर्षांपूर्वी, तोकुगावा इएयासू या शोगुनाच्या काळात, ग्योतोकू गावचं मीठ एदोला, म्हणजे जुन्या तोक्योला, नेण्यासाठी हा जलमार्ग तयार केला होता, आज दोन्ही काठांना साकुराची रांग आहे. तोक्योत यासुकुनी देवळातल्या ठरलेल्या झाडावर पाच-सहा फुलं उमलली की हवामान खातं बहर सुरू झाल्याचं जाहीर करतं. पूर्ण बहर जेमतेम आठवडाभर टिकतो, आणि त्यात रविवारी पाऊस आला की संपलं. जवळच्या झाडाखाली मंगळवारी संध्याकाळीसुद्धा दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन बसता येतं. आम्ही तेच करतो.

उन्हाळ्यात बोन ओदोरी, म्हणजे पूर्वजांच्या सणाचा सामूहिक नाच. मैदानाच्या मधोमध उंच मचाण, वर ढोल, आणि भोवती फेर. सत्तरी ओलांडलेल्या बायका पुढे असतात, नवख्यांनी त्यांच्या हातांकडे बघत मागून शिरायचं. कुणी विचारत नाही, कुणी हसत नाही. पाटावरच्या हत्तीभोवती भोंडल्याचा फेर धरलेल्या बाईला यात परकं काय वाटणार? पहिल्या वर्षी मी कडेला उभी राहून फोन धरून चित्रण करत होते, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता आक्षेपाकडे येते. एका मैत्रिणीने कळवळून विचारलं होतं, "हे सगळं केलंस तर पोरीला आपलं काही उरेल का?" तिची काळजी खरी आहे, मलाही ती होती. पण माझा अनुभव उलटा आहे, आणि त्यासाठी गेल्या वर्षीची कोजागिरी सांगायलाच हवी.

जपानमधलं त्सुकिमी, म्हणजे शरदाचं चंद्रदर्शन, त्यांच्या जुन्या पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या पंधराव्या रात्री असतं. बहुतेक वर्षी ते आपल्या कोजागिरीच्या महिनाभर आधी येतं. २०२५ मध्ये त्या पंचांगात अधिक महिना आला. आपला अधिक ज्येष्ठ २०२६ मधला. त्यामुळे ६ ऑक्टोबरला दोन्ही एकाच रात्री आले! लेकीने बाल्कनीत सुसुकी गवताचे तुरे लावले आणि तांदळाच्या पिठाचे पंधरा गोळे, दांगो, रचले: खाली नऊ, त्यावर चार, वर दोन. मी शेजारी आटीव दुधाचं पातेलं ठेवलं, त्यात केशर, वेलची, चारोळी.

चंद्र वर आल्यावर ती म्हणाली, "आई, ससा मोची कुटतोय बघ." इथल्या मुलांना चंद्रावर उखळात मोची कुटणारा ससा दिसतो. मी तिला विचारलं, "शशांक म्हणजे काय, माहीत आहे?" शश म्हणजे ससा, अंक म्हणजे खूण. मग भुकेल्या पाहुण्याला द्यायला जवळ काहीच नाही म्हणून स्वतः आगीत उडी घेणाऱ्या सशाची जातककथा सांगितली, आणि ती कथा आपल्याकडून बौद्ध धर्माबरोबर इथवर आली हेही सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे ससा आपल्याकडचा, आणि उखळ यांचं?" मी म्हटलं, "उखळ आपल्याकडेही आहे गं. पणजीचं." पुढची अर्धी रात्र वायनाच्या गोष्टीत गेली. एरवी मी पणजीबद्दल बोलायला लागले की ती उठून जाते.

शेजारच्या आजींना दूध नेऊन दिलं. त्यांनी वास घेऊन विचारलं, यात जायफळ आहे का. होतं, चिमूटभर.

काल पुन्हा काइरानबान आली. यंदाच्या मोचीत्सुकीला आदल्या रात्री तांदूळ भिजवायला माणसं हवी आहेत. लेकीने आमच्या दोघींची नावं कांजीच्या रांगेत काताकानात, म्हणजे परदेशी नावांसाठीच्या सोप्या लिपीत, लिहिली आणि पाटी चारशे सातच्या दाराशी ठेवून आली.