आठव्या महिन्यातला ई.एस.आर. ६८ : आपल्या आक्षेपाला उत्तर

स.न.

"गरोदरपणात ई.एस.आर. वाढला तरी तेवढ्याने घाबरू नये" हे माझे विधान बेजबाबदार आहे, असे आपण लिहिले आहे. आपल्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदूत आणि मज्जारज्जूत दाह होणारा आजार) आहे, आठवा महिना चालू आहे, ई.एस.आर. (तांबड्या पेशी नळीत किती लवकर खाली बसतात याची रक्ततपासणी) ६८ आला आहे आणि आजार उसळला, म्हणजे नव्याने भडकला, असे धरून घरचे स्टेरॉइडची सलाईन लावून घ्यायला निघाले आहेत. म्हणूनच सविस्तर लिहितो.

आपण पाठवलेल्या रिपोर्टवर ६८ या आकड्याखाली लाल रेघ आहे आणि शेजारी "० ते २०" छापले आहे. ही मर्यादा गरोदर नसलेल्या बाईची आहे. दिवस भरत येतात तसे रक्तातले फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारे प्रथिन) वाढते, तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून नळीत लवकर खाली बसतात, आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर त्याहूनही लवकर. त्याच कागदावर हिमोग्लोबिन ९.२ आहे, आपल्या मराठवाड्यात हे नवीन नाही. अशा बाईचा ६८ मला अनपेक्षित वाटत नाही. शिवाय या आजाराचा दाह मेंदूत आणि मज्जारज्जूत असतो. तो भडकला तरी त्याने ई.एस.आर. आणि सी.आर.पी. (दाह दाखवणारी दुसरी रक्ततपासणी) बहुतेक वेळा वाढत नाहीत. आजार उसळला की नाही, हे ताप किंवा जंतुसंसर्ग नसताना २४ तासांहून अधिक टिकलेले नवे लक्षण, न्यूरॉलॉजिस्टची तपासणी आणि गरज पडल्यास गॅडोलिनियमशिवाय (शिरेतून द्यायच्या कॉन्ट्रास्ट औषधाशिवाय) केलेला एम.आर.आय. यांवरून ठरते.

आपला एक मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करतो : जंतुसंसर्गाबद्दल मी लिहायलाच हवे होते. मे महिन्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या बायका पाणी कमी पितात, या आजारात मूत्राशय नीट रिकामे होत नाही, आणि लघवीत संसर्ग होऊन ताप आला की पाय जड पडणे, नजर अंधूक होणे ही जुनी लक्षणे पुन्हा डोके वर काढतात. ती आजाराची नवी उसळी नव्हे. पांढऱ्या पेशी गरोदरपणात एरवीही वाढतात आणि स्टेरॉइडने आणखी वाढतात, त्यामुळे त्यांच्यावरही विसंबता येत नाही. सी.आर.पी. ठळकपणे वाढला असेल तर आधी संसर्ग शोधावा. म्हणून सलाईनआधी लघवीचे कल्चर (जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी) करून घ्या.

खरी जपणूक पुढेच आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या, २५४ स्त्रियांच्या युरोपीय अभ्यासात उसळीचे वार्षिक प्रमाण (दर स्त्रीमागे वर्षाला सरासरी किती उसळ्या) गरोदरपणाआधी ०.७, शेवटच्या तिमाहीत ०.२ आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत १.२ होते. त्या काळात ताई माहेरी, आपल्याकडेच असतील. हातापायाला मुंग्या येतात किंवा एका डोळ्याने कमी दिसते असे त्या म्हणाल्या, तर "बाळंतिणीला अशक्तपणा असतोच" म्हणून सव्वा महिना सरायची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टकडे न्या.