लवंगेचा ओरॅक आकडा, आणि ‘अँटिऑक्सिडंट जितके जास्त तितकं चांगलं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परत तोच मेसेज फिरायला लागलाय. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लवंग, हळद, ग्रीन टी यांचा ओरॅक आकडा (टेस्ट ट्यूबमध्ये मोजलेली अँटिऑक्सिडंट क्षमता) फळांच्या कित्येक पट जास्त आहे, म्हणजे फायदाही तितक्या पट जास्त; फ्री रॅडिकल (अँटिऑक्सिडंट ज्यांना शांत करतात ते अस्थिर, चटकन रिॲक्ट होणारे रेणू) हे शरीराचे शत्रू, कॅन्सर आणि म्हातारपण त्यांच्यामुळेच; म्हणून या वनस्पतींचा अर्क रोज कॅप्सूलमधून घ्या; आणि सगळं नैसर्गिक असल्यामुळे कितीही घेतलं तरी अपाय नाही. फिनॉलिक संयुगं, म्हणजे या वनस्पतींमधली अँटिऑक्सिडंट रसायनं, हा माझा खूप आवडता विषय आहे, त्यामुळे त्यांच्या नावावर काहीही खपवलेलं बघवत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी तो आकडा. ओरॅक टेस्टमध्ये एक चमकणारा रंग असतो, रॅडिकल सोडले की त्याची चमक विझत जाते, आणि वनस्पतीचा अर्क टाकल्यावर ते विझणं किती लांबतं ते मोजतात, बस. दुसरी नेहमीची टेस्ट डीपीपीएचची: गडद जांभळं द्रावण, त्यात लवंगेचा अर्क अगदी थोडा टाकला तरी बघता बघता रंग फिका पडून पिवळा होतो, मग मशीनमध्ये ५१७ नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. दिसायला फार सुंदर टेस्ट आहे, पण डीपीपीएच नावाचा रॅडिकल माणसाच्या शरीरात नसतोच! ‘एकूण फिनॉलिक’ म्हणून जो आकडा देतात त्याच्या टेस्टमध्ये तर व्हिटॅमिन सी पण रंग देतं, म्हणजे तो आकडा निव्वळ फिनॉलिकचा असेलच असं नाही. आणि ओरॅकची तुलना १०० ग्रॅममागे असते, आता १०० ग्रॅम लवंग कोण खातं? अमेरिकेच्या कृषी खात्याने स्वतःच बनवलेली ओरॅकची यादी २०१२ मध्ये वेबसाइटवरून काढून टाकली, कारण या आकड्यांचा माणसाच्या तब्येतीवरच्या परिणामाशी संबंध दिसत नाही आणि सप्लिमेंट कंपन्या ते जाहिरातीत वापरतात, असं त्यांनीच सांगितलं. मेसेज मात्र अजून त्याच यादीवर चाललाय.

बरं, पोटात गेल्यावर काय होतं? बरीचशी फिनॉलिक संयुगं लहान आतड्यात शोषलीच जात नाहीत, मोठ्या आतड्यात जाऊन तिथले जीवाणू त्यांचे तुकडे करतात, आणि जी थोडी आत जातात त्यांना आतडं आणि लिव्हर ग्लुकुरोनाइड नाहीतर सल्फेट नावाचे गट चिकटवतात, म्हणजे रेणूतल्या ज्या हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या) गटांच्या जोरावर टेस्ट ट्यूबमध्ये एवढा पराक्रम दिसला तेच बरेचदा झाकले जातात. रक्तात त्यांचं प्रमाण साधारण एखाद मायक्रोमोलरच्या (द्रावणातलं प्रमाण मोजायचं अगदी छोटं एकक) आसपास किंवा त्याहून कमी राहतं, तर आपलं स्वतःचं युरिक ॲसिड, जे स्वतःही अँटिऑक्सिडंट आहे, तिथे शेकडो मायक्रोमोलर असतं. २००४ च्या एका अभ्यासात सफरचंदं खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढलेली दिसली, आणि ती मुख्यतः फळातल्या फ्रुक्टोजने युरिक ॲसिड वाढवल्यामुळे निघाली, त्यातल्या फ्लॅव्होनॉइड नावाच्या फिनॉलिक संयुगांमुळे नाही.

मग या वनस्पती खाण्यात अर्थ नाही का? आहे, नक्की आहे. पण ते काम वेगळ्या वाटेने होत असावं: पेशींच्या स्वतःच्या संरक्षणाची जनुकं जागी करणं, रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर परिणाम, आतड्यातल्या जीवाणूंशी देवाणघेवाण. यातलं काहीच ओरॅकमध्ये मोजलं जात नाही.

फ्री रॅडिकल शत्रू, हा मुद्दा अर्धवट आहे. पांढऱ्या पेशी जंतू मारायला मुद्दाम सुपरऑक्साइड नावाचा फ्री रॅडिकल बनवतात, आणि ज्यांना जन्मतः ते बनवता येत नाही त्या मुलांना पुन्हा पुन्हा गंभीर इन्फेक्शन होतात. व्यायामातही तेच, त्याच्या फायद्यासाठीही थोडे रॅडिकल लागतात असं दिसतं. २००९ च्या एका जर्मन अभ्यासात व्यायामासोबत रोज व्हिटॅमिन सी १००० मिलिग्रॅम आणि ई ४०० युनिट घेणाऱ्यांची इन्सुलिन संवेदनशीलता (शरीर इन्सुलिनला किती चांगला प्रतिसाद देतं ते) सुधारली नाही, न घेणाऱ्यांची सुधारली!

आता कॅप्सूल. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी ट्रायल झाली, १९९४ मध्ये निकाल आला: बीटा कॅरोटीन (गाजरात असतं ते अँटिऑक्सिडंट) घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. अमेरिकेतली तशीच ट्रायल १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. पुढे व्हिटॅमिन ई वर ३५ हजारांहून जास्त पुरुषांची ट्रायल झाली, तिथे २०११ च्या निकालात प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त. कोणी म्हणेल ही तर व्हिटॅमिनं, फिनॉलिक कुठे, तर व्हिटॅमिन ई च्या रेणूत फिनॉलचा गट आहे, त्याच्या अँटिऑक्सिडंट गुणाचं कारणच तो.

राहिलं ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. कपभर ग्रीन टी पिणं वेगळं आणि त्यातलं मुख्य फिनॉलिक संयुग इजीसीजी घट्ट करून कॅप्सूलमध्ये भरणं वेगळं. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की सप्लिमेंटमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त इजीसीजी घेतल्यावर लिव्हरचे एन्झाइम वाढतात. हळदीच्या कॅप्सूलनंतर लिव्हरला इजा झाल्याच्या केसेसही नोंदल्या गेल्यात, आणि शोषण वाढावं म्हणून त्यात मिरीचं पायपरीन घातलेलं असेल तर ते इतर औषधांचं रक्तातलं प्रमाणही बदलू शकतं. तेव्हा घरात कोणी असा अर्क घेत असेल आणि डोळे पिवळे, लघवी गडद, सतत थकवा असं काही दिसलं तर कॅप्सूल लगेच बंद करा आणि डॉक्टरांकडे जाताना डबी सोबत न्या, कारण ‘औषध काही घेताय का’ विचारल्यावर लोक हे सांगतच नाहीत.