पांढरी पाच, किंचित चढी

"नानांनी ठीक केलं," असं आमची ही काल फोनवर बहिणीला सांगत होती. मी त्याच खोलीत होतो. टेबलाखाली, पोटावर पडलेला, तोंडात टॉर्च धरलेला. टॉर्च तोंडात असल्यामुळे खुलासा करता आला नाही.

तर झालं असं की रेकॉर्ड प्लेअर घुमायला लागला. गाणं रंगात असताना समजायचं नाही. पण दोन गाण्यांच्या मधे, माणसाने डोळे मिटून सुस्कारा सोडायचा त्या नेमक्या जागी, स्पीकरमधून 'म्म्म्म्म'. डब्यात भुंगा कोंडावा तसा.

तीन आठवडे मी त्याच्या मागे होतो. अ‍ॅम्प्लिफायरचं बटण दुसऱ्या इनपुटवर फिरवलं, एकदम शांत. म्हणजे दोष रेकॉर्ड प्लेअरच्या बाजूला. मोटार बंद केली, भुंगा चालूच. केबल बदलली, प्लेअर अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून हातभर लांब नेला, अर्थिंगचा स्क्रू पुनःपुन्हा आवळला. एका रात्री तर फ्रिज, राउटर, दिवे, घरातलं सगळं बंद करून अंधारात त्या एका लाल ठिपक्यासमोर कान टवकारून बसलो. मुलगी पाणी प्यायला उठली आणि किंचाळली. त्यानंतर घरात माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

आता हा भुंगा इतका माजतो कसा, तेही सांगतो. मला तीन आठवडे कुणी विचारलेलं नाही. सुईमागच्या कार्ट्रिजमधून येणारा सिग्नल असतो साधारण ५ मिलिव्होल्टचा. टॉर्चमधला दीड व्होल्टचा सेल त्याच्या ३०० पट. म्हणून फोनो प्रीअँप, म्हणजे पहिल्या टप्प्याचा अ‍ॅम्प्लिफायर, त्याला शंभरेक पटींनी वाढवतो, आणि सोबत आलेला कचराही तितकाच वाढतो. त्यात रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, नाहीतर खाचा रुंद होऊन जागाच पुरायची नाही. वाजवताना तो पुन्हा फुगवायचा. किती दाबायचा आणि किती फुगवायचा, त्याचं कोष्टक १९५४ साली ठरलं, त्याला आरआयएए म्हणतात. त्या हिशेबात ५० हर्ट्झच्या सुराला १००० हर्ट्झच्या मानाने सुमारे ७ पट खुराक मिळतो. आणि घरातल्या विजेची कंपनं सेकंदाला किती? ५०. चोर येणार त्याच दाराला आपण तोरण बांधून ठेवलेलं.

अशा मनःस्थितीत असताना शेजारचे नाना शिडी परत करायला आले.

नानांनी शिडी भिंतीला टेकवली आणि मान तिरकी केली. "कोण गातंय रे?"

"कोणी नाही. हम आहे. विजेचा."

"सूर छान धरलाय." त्यांनी डोळे मिटले. "थांब, आलोच."

नाना घरी जाऊन पेटी घेऊन आले. जमिनीवर फतकल मारून बसले, भाता मारला, आणि एकेक पट्टी दाबत, माझ्या स्पीकरकडे कान लावत, डॉक्टर पोट चाचपतो तसे खाली खाली सरकत गेले. "इथे दुखतंय का" एवढंच विचारायचं बाकी होतं. शेवटी एका पट्टीवर बोट थांबलं.

"पांढरी पाच. खालची." मग कपाळाला आठी. "पण चढलाय रे हा. सुरात नाहीये."

"नाना, तो सुरात असण्याचा प्रश्नच नाही, तो नसायला हवा."

"असं कसं? आहे तर सुरात असावा. विजेवाल्यांना फोन कर, म्हणावं एखादी श्रुती उतरवा."

नंतर मी हिशेब केला, आणि तेच जास्त झोंबलं. पेटीची ती पट्टी ९८ हर्ट्झची. हम ५० चा, एक सप्तक वर म्हणजे दुप्पट, १००. म्हणजे म्हातारा म्हणत होता तेवढाच चढा. (अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथला भुंगा काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोब्बर मधोमध लटकतो. नानांना हे मी मुद्दाम सांगितलेलं नाही.)

मग नाना उठले, "हा दांडा कसला नाजूक!" म्हणाले, आणि मी "नाना, नको—" म्हणेपर्यंत सुई धरणाऱ्या त्या टोनआर्मच्या धातूला बोट लावलं.

भुंगा थांबला.

बोट काढलं, भुंगा सुरू. लावलं, बंद. काढलं, सुरू. ही स्वयंपाकघरातून आली, मुलगी आली. नाना एका हाताने पेटीची पट्टी दाबताहेत, दुसऱ्या हाताने माझा भुंगा चालू-बंद करताहेत, आणि माझं कुटुंब टाळ्या वाजवतंय.

"बोटाला गुण असतो एकेकाच्या," नाना म्हणाले.

गुण कसला! माणसाचं शरीर हे एक मोठं ओलसर वाहक असतं, नानांच्या जागी दुधी भोपळा टेकवला असता तरी थोडाफार फरक पडला असता. बोट लावल्यावर हम जातो याचा अर्थ आर्मचा धातू अर्थला पोचलेलाच नाही. हे मी समजावून सांगितलं. "तेच ते," नाना म्हणाले.

आणि म्हणून मी टेबलाखाली. प्लेअरची अर्थिंगची बारीक काळी वायर, टोकाला पितळी चिमटा, चिमटा जीएनडी (ग्राउंड, म्हणजे अर्थ) लिहिलेल्या स्क्रूखाली घट्ट. चिमट्यावरची प्लास्टिकची टोपी नखाने मागे सरकवली तेव्हा दिसलं: चिमट्याचे दात वायरच्या काळ्या आवरणात रुतलेले. आतली तांब्याची तार दातांपर्यंत पोचायच्या दोराभर आधीच कापलेली. सुरुवातीला जेमतेम शिवत असेल, आता तेही नाही. मी तीन आठवडे प्लास्टिक आवळत होतो. सोबतच्या पुस्तिकेत यंत्र आंघोळीच्या टबात नेऊ नये, लहान मुलांनी गिळू नये, हे अनेक भाषांत छापलंय. या वायरीबद्दल एक ओळ नाही. हजारो यंत्रं बाहेर पाठवताना एका माणसाला एकदा ती वायर ओढून बघायला काय होतं? पण नाही. ते गिऱ्हाइकाने करायचं, पोटावर पडून.

आवरण सोललं, तार पिळली, चिमट्यात दाबली. भुंगा गेला. सुई ठेवली, आणि पहिल्यांदाच दोन गाण्यांमधली शांतता खरोखर शांत होती.

टक्.

पुन्हा टक्. ओरखडा. इतके दिवस भुंग्याखाली झाकलेला. घड्याळ लावलं: १८ सेकंदांत दहा. मिनिटाला ३३⅓ फेरे, दर फेऱ्याला १.८ सेकंद, दर फेऱ्याला एक टक्.

नाना अजून बसलेलेच होते. त्यांनी मांडीवर हात ठेवला, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा बरोबर टक्वर पडला.

"आता लय सापडली," ते म्हणाले, आणि भाता उघडला.