"बघून सांगतो" म्हणजे नक्की काय बघतात हे लोक??

च्यायला, तीन आठवडे. प्लगला ठिणगीसाठी करंट देणाऱ्या एका कॉइलपायी तीन आठवडे माझी गाडी गॅरेजच्या दारात ये-जा करत होती, आणि शेवटी फॉल्ट शोधला कोणी तर मी, ज्याला स्टेपनी बदलताना जॅक कुठे लावायचा हे सुद्धा पुस्तक उघडून बघावं लागतं.

झालं काय, सकाळी सुरू केली की गाडी थरथरायची, चढावर झटके मारायची आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा. नुसता पेटलेला नाही, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की लुकलुकायचा. आता मला कळलंय की तो लुकलुकतो म्हणजे मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं, जोरात चाललाय, न जळलेलं पेट्रोल पुढे सायलेन्सरच्या बाजूला जातंय आणि तिथला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून त्याची वाट लागू शकते. मला तेव्हा नव्हतं माहीत, पण गॅरेजवाल्याला तर माहीत पाहिजे ना? तो काय म्हणाला, "चालवा हो बिनधास्त, दिवे काय लागतच असतात."

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न जाता याच्याकडे गेलो कारण तिथे गाडी आत नेतात आणि आपण काचेबाहेर बसायचं, इथे निदान मेस्त्रीशी समोरासमोर बोलता येईल म्हटलं. बोलता आलं. भरपूर बोलला. ऐकलं मात्र काही नाही.

स्कॅनर लावला, कोड आला पी-०३०१, म्हणजे एक नंबर सिलिंडरमध्ये मिसफायर. मी खूश, चला रोग तर सापडला. त्याने चारही प्लग बदलले. ठीक आहे बाबा, पहिला संशय प्लगवरच जातो, मान्य. कोड पुसला, दिवा गेला, तिसऱ्या दिवशी परत हजर. मग "बघून सांगतो", मग पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचं क्लीनिंग, सोबत हवा आत सोडणारी थ्रॉटल बॉडी पण धुतली. चार दिवस बरी चालली, परत दिवा. परत "बघून सांगतो". मग म्हणे फ्युएल पंप वीक झालाय, बदलावा लागेल.

इथे मी तोंड उघडलं. म्हटलं दादा, पंप वीक असेल तर चारही सिलिंडरला पेट्रोल कमी पडेल ना, एकट्या एक नंबरनेच काय घोडं मारलंय? तर माझ्याकडे असं बघितलं जणू मी त्याच्या घरच्यांबद्दल काही बोललो. "साहेब, आम्ही येतो का तुम्हाला तुमचं काम शिकवायला?" मागे एक पोरगा नट पुसत बसला होता, तो हळूच म्हणाला, "उस्ताद, कॉइल बघू का?" त्याला एक शिवी घातली आणि सांगितलं तू तुझे नट पूस. त्या पोराला पूर्ण मार्क!! पंपाला मी नाही म्हटलं, तर म्हणे मग ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला असणार, आता यात पैसे घालण्यापेक्षा गाडी विकून टाका. जुने प्लग मागितले तर भंगारात गेले. बिल मात्र पूर्ण.

घरी येताना बॉनेटमधून खडखड. उघडलं तर बॅटरीच्या शेजारी यांचा दहाचा रिंग पाना पडलेला आणि इंजिन कव्हरच्या चार स्क्रूंपैकी एक जागेवर. म्हणजे बाकीच्या तिघांचं पण "बघून सांगतो" झालं असणार.

मग डोकंच फिरलं. स्टीअरिंगखालच्या सॉकेटला लागणारा छोटा ब्लूटूथ स्कॅनर आणला, दोन व्हिडिओ बघितले. टेस्ट म्हणजे काय तर इंजिन बंद ठेवून एक नंबरची कॉइल दोन नंबरवर लावायची, दोनची एकवर, कोड पुसायचा आणि गाडी चालवायची. कोड एकवरच राहिला तर कॉइल निर्दोष, दोनवर गेला तर चोर सापडला. कॉइलचा बोल्ट दहाचाच. पाना होताच, त्यांचाच!

चक्कर मारून आलो, कोड पी-०३०२. दहा मिनिटं लागली असतील. ती कॉइल परत काढून उजेडात धरली तर खालच्या रबरी बूटला केसाएवढी चीर आणि तिच्या कडेने पांढुरका डाग, म्हणजे ठिणगी प्लगला जायच्या ऐवजी तिथूनच बाहेर उडी मारत होती. एक कॉइल बदलली. संपला विषय. गाडी लोण्यासारखी चालतेय.

चुकतं हो माणसाचं, त्याचा राग नाही. पण हा चुकला कुठे? याने शोधलंच नाही. एक पार्ट बदल, बघ, दुसरा बदल, बघ, अंदाज याचा आणि पैसे माझे. एकाही अंदाजाचे पैसे कमी केले नाहीत वर गाडी विकायचा सल्ला फुकट.

काल त्याचा फोन. मला वाटलं गाडीची चौकशी करतोय. "साहेब, आमचा दहाचा पाना तुमच्या गाडीत राहिलाय का?"

म्हटलं, बघून सांगतो. दोन-तीन दिवस लागतील.