खाडीकाठच्या बिल्डरांसाठी चार हिताच्या गोष्टी

ठाणे खाडीच्या काठी एखादा भूखंड आपल्या पदरात पडला असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. अशी जागा सपाट असते, समोर पाण्याचा देखावा असतो आणि पायाखाली कित्येक मीटर जाडीचा काळा, चिकट, पाण्याने भरलेला गाळ असतो. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी माहितीपुस्तिकेत रंगीत छापाव्यात आणि तिसरीची वाच्यता करू नये. या विषयावर सल्ला देण्याचा अधिकार मला गेल्या पावसाळ्यात प्राप्त झाला. तो कसा, ते ओघात येईलच.

माती परीक्षणाचे अवडंबर माजवू नये. एकच बोअर, म्हणजे माती तपासण्यासाठीचे खोल भोक, घ्यावा, तोही वॉचमनच्या केबिनशेजारी, जिथे मशीन सहज पोहोचते. शेजारच्या भूखंडाचा अहवाल हाती लागत असेल, तर तेवढाही खर्च वाचतो. फक्त मुखपृष्ठावरचे नाव बदलायला विसरू नये. अहवालात एन-व्हॅल्यूचा रकाना असतो. साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून पाडत राहिल्यावर नमुन्याची नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले, ते तिथे नोंदलेले असते; ठोके जितके कमी, तितकी माती मऊ. खाडीच्या गाळात हा आकडा अनेकदा चारच्याही आत राहतो आणि काही ठिकाणी नळी ठोक्याची वाटही पाहत नाही, हातोड्याच्या नुसत्या भारानेच खाली जाते. त्या रकान्यावर चहाचा कप ठेवावा.

भराव रात्री टाकावा.

डबर, राडारोडा, मुरूम, जे स्वस्त मिळेल ते चालते. त्यावर दोन दिवस रोलर फिरवून फोटो काढावेत आणि जमीन तयार झाल्याचे जाहीर करावे. रोलरने फक्त वरचा मुरूम दाबला जातो, खालच्या गाळाला त्याचा पत्ताही लागत नाही, असे कुणी म्हणाल्यास त्याला साइटवर पुन्हा बोलावू नये. एक मीटर भरावाचे ओझे दर चौरस मीटरला जवळपास दोन टन होते, म्हणजे इमारत उभी राहण्यापूर्वीच गाळावर दीड-दोन मजल्यांचा भार चढलेला असतो. हे तर मुळीच बोलू नये.

गाळ बसेपर्यंत थांबणे मात्र कटाक्षाने टाळावे. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून वर वरवंटा ठेवला, तरी चक्का व्हायला रात्र जाते, हे आपल्या घरातही ठाऊक असेल. गाळातले पाणी निघायला मात्र वर्षे लागतात, कारण त्याची छिद्रे अतिसूक्ष्म असतात. मृदा-अभियंते कार्ल तेर्झागी यांनी १९२५ मध्ये याचे गणित मांडून ठेवले आहे: पाण्याला बाहेर पडण्यासाठी दुप्पट अंतर कापावे लागले, तर वेळ चौपट लागतो. म्हणून काम खरेच नीट करायचे असेल, तर हे अंतरच कमी करायचे. मीटर-दीड मीटरवर निचऱ्याच्या उभ्या पट्ट्या, म्हणजे पीव्हीडी, गाळात खोलवर खोचायच्या, वर वाळूचा थर पसरायचा, त्यावर इमारतीच्या भाराइतका किंवा त्याहून थोडा जास्त मातीचा ढीग रचायचा, जमीन किती खाली गेली ते प्लेटा बसवून नियमित मोजायचे आणि मोजमाप स्थिरावले की ढीग उचलायचा. दशकांचे काम अशाने महिन्यांत होते. हे परग्रहावरचे तंत्र नाही. न्हावा-शेव्याच्या बंदरात कंटेनर ठेवायच्या जागेसाठी ते वापरले गेले आहे आणि भारतीय मानकांत त्याची स्वतंत्र संहिताही आहे. कंटेनर ठेवण्यापूर्वी जमीन बसू द्यायची आणि माणसे ठेवण्यापूर्वी नाही, हा न्याय कोणत्या पुस्तकात सापडतो? जपानमध्ये ओसाकाच्या उपसागरात भर घालून कान्साई विमानतळ बांधला, तो १९९४ मध्ये सुरू झाला. तिथे वाळूचे असंख्य उभे निचरे घालूनही खोलवरचे थर दबत राहिले आणि बेट अंदाजापेक्षा जास्त खचले. पण ते खचणार हे त्यांनी आधीच मान्य केले होते, म्हणून टर्मिनलच्या खांबांखाली जॅक लावून ते उचलण्याची सोय ठेवली होती. आपल्याकडे सोय म्हणून लिफ्टमध्ये आरसा लावतात.

पाइल, म्हणजे इमारतीखालचे जमिनीत खोल जाणारे खांब, मात्र खडकापर्यंत न्याव्यात, त्यात हयगय करू नये, कारण पुढची सारी गंमत त्यावरच उभी असते. इमारत पाइलवर जागच्या जागी राहते आणि भोवतालचे अंगण भरावासकट खाली जाते. आमच्या सोसायटीत आता प्रवेशद्वाराच्या पायरीखाली मनगट जाईल एवढी फट आहे. मैलापाण्याचा पाइप इमारतीच्या भिंतीशी तुटला, चेंबरकडचा उतार उलटा झाला आणि ऐन जुलैत तळमजल्याच्या मोऱ्यांतून सगळे वर आले. बिल्डरच्या इंजिनिअरने येऊन पाहिले आणि अत्यंत प्रसन्न मुद्रेने सांगितले, "काका, बिल्डिंगला काहीच झालेले नाही, जमीन सेटल होतेय." मग दोन मजूर घमेलेभर सिमेंट घेऊन आले आणि त्यांनी फट लिंपली. गणपतीपूर्वीच ती पुन्हा उघडली.

अशा वेळी पाच वर्षे कशीबशी काढावीत. रेरा, म्हणजे घरबांधणी व्यवहारांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत दोष कळवला, तर तो बिल्डरला विनामोबदला दुरुस्त करून द्यावा लागतो. गाळ मात्र त्यानंतरही सावकाश बसत राहतो. कायद्याची आणि चिकणमातीची घड्याळे इतकी सोयीने वेगळी चालतात, याचा लाभ न घेणे म्हणजे करंटेपणाच.

आणि हा करंटेपणा तुम्ही कधीच केला नाहीत. तुम्हाला ठाऊक होते की अंगण खाली जाणार. तुमच्या डिझायनरला ठाऊक होते, कारण बसणारा गाळ पाइललाही खाली ओढतो आणि तो भार त्याने हिशेबात धरलेला होता. म्हणजे स्वतःच्या खांबांसाठी तुम्ही जमीन खचणार असे धरलेत आणि आमच्या गटारांसाठी ती खचणार नाही असे धरलेत. पाइप भिंतीतून बाहेर पडतो तिथे लवचिक सांधा लावायला, अंगणाखालच्या मुख्य वाहिन्या इमारतीच्या बीमलाच टांगायला, निदान ताबा देताना एका कागदावर खरे लिहून द्यायला किती पैसे लागले असते? लॉबीतल्या इटालियन संगमरवरापेक्षा कमीच. लाज वाटायला हवी होती. आणि घर बघायला जाऊन जिमचे फोटो काढणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका: बोअरच्या नोंदी मागा, भरावाची तारीख विचारा, जमीन किती बसली त्याची मोजमापे दाखवा म्हणा, आणि समोरचा हसून ब्रोशर पुढे करू लागला तर बुकिंगचा चेक खिशातच राहू द्या.