काळी न झालेली बाटली आणि ‘शुद्ध’ पाणी

पावसाळ्याच्या तोंडावर गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरतो. त्याचा आशय असा की, एच टू एस (हायड्रोजन सल्फाइड) चाचणीच्या, म्हणजे पाण्यात मैला मिसळला आहे का हे पाहण्याच्या, बाटलीत पाणी भरून ठेवावे. ते काळे झाले नाही तर पाणी शुद्ध, काळे झाले तर त्यात ई. कोलाय (आतड्यात राहणारा आणि मैल्यातून पाण्यात येणारा जंतू) किंवा कॉलऱ्याचे जंतू आहेत, आणि रंग जितका गडद तितके जंतू अधिक. चाचणी उपयोगाची आहे, याबद्दल वाद नाही. तिच्या नावावर खपवले जाणारे हे तिन्ही निष्कर्ष मात्र टिकत नाहीत.

आधी जंतूंच्या नावाविषयी. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा, मौर्य आणि राव यांनी 1982 मध्ये मांडलेल्या या चाचणीत पेप्टोन (जंतूंचे खाद्य), थायोसल्फेट (गंधकाचे संयुग) आणि लोहाचा क्षार शोषून वाळवलेली कागदाची पट्टी बाटलीत असते. मैल्याबरोबर पाण्यात उतरणारे सिट्रोबॅक्टर, प्रोटियस, साल्मोनेला यांसारखे जंतू थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात आणि त्याची लोहाशी गाठ पडली की काळे आयर्न सल्फाइड बनते. ई. कोलाय सहसा हा वायू बनवत नाही, कॉलऱ्याचा जंतूही नाही. त्यामुळे काळी बाटली पाण्यात मैला मिसळल्याचा संशय दाखवते; कोणत्या रोगाचा जंतू आहे, हे ती सांगूच शकत नाही. शिवाय कुजक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या बोअरच्या पाण्यात सल्फाइड आधीच विरघळलेले असते, आणि ते ओतताक्षणी बाटली काळवंडते. जंतूंना वाढायला तास लागतात. क्षणात आलेला रंग जंतूंचा नव्हे.

गडदपणाचा मुद्दा सर्वांत फसवा आहे. बाटली उबेत ठेवली जाते ती जंतू वाढावेत म्हणूनच. दर अर्ध्या तासाला दुप्पट होणारा एकच जंतू 10 तासांत दहा लाखांवर जातो, त्यामुळे सकाळी दिसणारा काळा रंग आदल्या संध्याकाळी बाटलीत एक जंतू होता की हजार, हे लपवून टाकतो. रंग किती लवकर उतरला यावरून ढोबळ अंदाज बांधता येतो. संख्या हवी असेल तर एकाच नमुन्याचे वेगवेगळे भाग अनेक बाटल्यांत लावून, किती काळ्या झाल्या यावरून संभाव्य संख्या काढावी लागते.

आता ‘काळे नाही म्हणजे शुद्ध’ याकडे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या 100 मिलि पाण्यात ई. कोलाय आढळता कामा नये, तर या बाटलीत बहुधा 20 मिलि पाणी मावते. 100 मिलि पाण्यात अपेक्षित जंतू एकच असेल, तर तो आपल्या बाटलीत येण्याची शक्यता पाचांत एक. विषाणू, फ्लोराइड आणि नायट्रेट यांचा तर रंगाशी संबंधच नाही.

याच संदेशाला जोडून येणारी पुरवणी म्हणजे, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेल्या पाण्यात बाटली क्लोरीनमुळेच काळी होत नाही, म्हणून तेथे चाचणी निरर्थक. पट्टीतले थायोसल्फेट उरलेला क्लोरीन निष्प्रभ करते, त्यामुळे हा आक्षेप लागू होत नाही. गावच्या पाण्यावर लक्ष ठेवणारा जलसुरक्षक ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट करतो ती पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे की नाही हे पाहण्यासाठी, आणि तो किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर असावा लागतो. दोन्ही चाचण्यांची कामे वेगळी आहेत, आणि एकीचा निकाल दुसरीच्या जागी लिहिता येत नाही.