गुडघा दुखतोय आणि एक्स-रे खुब्याचा?

नमस्कार. तुमचा १२ वर्षांचा मुलगा महिनाभर गुडघा दुखतो म्हणतोय आणि डॉक्टर खुब्याचा एक्स-रे काढायला सांगतात. माझ्या लेखातही तेच, म्हणून 'हा तपासण्या वाढवायचा धंदा आहे' असं तुम्ही लिहिलंत. एरवी तुमचा संशय मला पटला असता. या एक्स-रेच्या बाबतीत मात्र नाही.

खुब्याच्या आणि गुडघ्याच्या काही नसा एकच असतात. त्यामुळे दुखणं खुब्यात असलं तरी मूल हात गुडघ्यावर ठेवतं. वयात येणाऱ्या मुलांत, विशेषतः वजन जास्त असेल तर, मांडीच्या हाडाचा खुब्यातला गोळा ग्रोथ प्लेटपाशी (हाड जिथून वाढतं त्या कूर्चेच्या थरापाशी) हळूहळू घसरू शकतो. असा एक मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या गुडघ्याचे तीन एक्स-रे झाले होते, तिन्ही नॉर्मल. खुबा कुणी हलवूनही पाहिला नव्हता. त्याला उताणं झोपवून गुडघा छातीकडे नेला, तर पाय आपसूक बाहेर वळला, ही गोळा घसरल्याची खूण. या तपासणीला ना पैसे लागतात ना यंत्र. समोरून काढलेल्या एक्स-रेत थोडी घसरण सुटू शकते, म्हणून पाय फाकवून 'फ्रॉग' एक्स-रेही काढतात. वेळीच कळलं तर एका स्क्रूवर भागतं. गोळा अचानक निसटला तर त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

तुम्ही लिहिलंत तो शेजारचा ५ वर्षांचा मुलगा सर्दीनंतर लंगडला आणि आठवड्यात आपोआप बरा झाला, हेही खरं असणार. त्या वयात खुब्याला अशी तात्पुरती सूज येते. पण सांध्यात पू झाला तरी सुरुवात तशीच दिसते, आणि पू काही दिवसांत सांधा खातो. बॉस्टनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये चार खुणा मांडल्या: पाय टेकवता न येणं, ३८.५ सेल्सिअसच्या वर ताप, ईएसआर (सूज दाखवणारी रक्ततपासणी) ४० च्या वर, रक्तातल्या पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर. जितक्या खुणा जास्त, तितका पुवाचा धोका मोठा. ताप नाही, पण दोन आठवड्यांनीही लंगडणं जात नाही, मांडी घातल्यावर एक गुडघा वरच राहतो, तर पर्थीस (गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होऊन होणारा मुलांचा आजार) आणि खुब्याचा क्षय दोन्ही डोक्यात ठेवावे लागतात.

सरसकट एमआरआय नको, हे तुमचं म्हणणं बरोबर. लेखातलं ते वाक्य मी बदललंय.

मुलाचा एक्स-रे मात्र याच आठवड्यात काढा. तोवर खेळ, धावणं बंद. पाय टेकवता येईनासा झाला, तर त्याला चालवू नका, उचलून थेट हॉस्पिटलात न्या.